‘पित्या’ म्हणताना जीभ अडते तेव्हा

प्रिय छकुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू म्हणालीस, “आई, प्रभूची प्रार्थना सुरू झाली की पहिल्याच ओळीला माझी जीभ अडते. ‘स्वर्गातील पित्या’ म्हटलं की बाबांचा चेहरा समोर येतो.” मी गप्प राहिले. तुला वाटलं असेल, आई रागावली. रागावले नव्हते गं. तू नववीत असतानाची ती रात्र, भिरकावलेली ताटं, दाराआड उभी असलेली तू, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि शब्दच फुटेना. म्हणून लिहायला बसले.

आधी माझी चूक सांगते. लहानपणी मी तुम्हा दोघांना धाक घालायचे, “देव बघतोय हं!” वर बसून चुका मोजणारा देव, हे एकच चित्र मी तुमच्या मनात टांगलं. घरातला बाप तसा आणि वरचाही तसाच. मग तुझी जीभ अडली यात नवल काय?

शास्त्रात मात्र देवाचं चित्र एकावर थांबत नाही. दहा आज्ञांमध्ये मूर्ती करू नका अशी सक्त ताकीद आहे, पण शब्दांतली चित्रं पानोपानी आहेत. खडक, गड, कुंभार, गरुड, धातू गाळणाऱ्याची आग. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात 11व्या अध्यायात देव एफ्राइमाला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, हाताला धरून चालायला शिकवतो, आणि 5व्या अध्यायात तोच म्हणतो की मी त्यांना कसरीसारखा आहे. कसर, गं! ट्रंकेतल्या लुगड्याला लागते ती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दचकले होते. आता वाटतं, हे असंच हवं. एकच चित्र उराशी धरून बसलं की त्याचीही मूर्ती होते. मग दुसरं चित्र येतं आणि पहिल्याला जागचं हलवतं. प्रकटीकरणाच्या 5व्या अध्यायात योहानाला सांगतात, रड नको, यहूदाचा सिंह विजयी झाला आहे. तो वळून बघतो तर समोर कोकरू, वधलेलं. सिंह आणि कोकरू, दोन्ही येशूच.

तुझ्यासाठी मी लूकचा 13वा अध्याय काढून ठेवला आहे. हेरोद राजा तुला मारायला टपलाय, असं लोक येशूला सांगतात. येशू म्हणतो, त्या कोल्ह्याला जाऊन सांगा. कोल्हा म्हटल्यावर स्वतःला सिंह म्हणवून घ्यावं ना? पण जरा पुढेच तो यरुशलेमसाठी कळवळतो, आणि स्वतःला म्हणतो कोंबडी. पिल्लांना पंखांखाली घेणारी. आपल्या परसात घार घिरट्या घालायला लागली की तांबडी कशी करायची, आठवतं? खालच्या आवाजात बोलवायची, अंग पसरून जमिनीला चिकटायची, आणि पिल्लं आत शिरायची. घारीपुढे तिच्याकडे काय होतं? तिचं अंग, बस. यरुशलेमजवळ त्याला क्रुसावर दिलं तेव्हा त्यानंही हेच केलं, असं मी मानते. आणि त्याच वचनात पुढे आहे की पिल्लांनीच यायला नकार दिला. तरी त्यानं त्यांना मारूनमुटकून आत ओढलं नाही. ज्या घरात जबरदस्ती पाहिली, त्या घरातल्या मुलीला हे वाचताना काय वाटेल, ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

आईचं रूप तर जुन्या करारापासून आहे. यशयाच्या 49व्या अध्यायात देव विचारतो, आई आपल्या तान्ह्याला विसरेल का? एखादी विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही. एका बायबल अभ्यासात पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की हिब्रूत करुणेचा शब्द आणि गर्भाशयाचा शब्द एकाच मुळातून येतात. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी त्याच विचारात होते. आपल्या मराठी मातीला हे परकंही नाही. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली. आणि पंडिता रमाबाईंचा विचार कर. केडगावला टाकलेल्या, छळलेल्या किती मुली त्यांच्या आसऱ्याला होत्या! त्याच जागी बसून हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं, 1922 साली जाईपर्यंत तेच काम. ‘पित्या’ हा शब्द त्या मुलींपैकीही कितीजणींना जड गेला असेल.

तो शब्द कायमचा टाकून दे, असं मी म्हणणार नाही. येशूनं गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधी जीव घाबरा झाला असताना, ‘अब्बा’, म्हणजे ‘बाबा’, म्हणूनच हाक मारली. लूकच्या 15व्या अध्यायातला बाप तर वाया गेलेल्या पोराला दुरून बघून धावत सुटतो. बाप कसा असावा हे तिथे बघायचं, आपल्या घरात बघून देवाला तसं ठरवायचं नाही. पण हे आजच्या आज जमलं पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. तोवर दुसऱ्या नावानं हाक मार. स्तोत्र 27 म्हणतं, आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर मला जवळ करील. बघ, त्यात ‘आई’ही आहे. माझ्याही उणिवा धरून लिहिलंय ते.

नाइट ड्यूटीला जाण्याआधी 131वं स्तोत्र वाच. तीनच ओव्यांचं आहे. त्यात दूध तुटलेलं मूल आईजवळ निवांत बसलंय. त्याला आता काही मागायचं नाही, नुसतं जवळ बसायचंय. प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत तर तशीच बस.

दिवाळीनंतर धनगर आले होते, आपल्या रानात मेंढ्या बसवल्या. म्हाताऱ्याच्या हातात ती लांब काठी, टोकाला आकडी. बाभळीच्या फांद्या खाली ओढून मेंढरांना पाला देत होता. ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’, हे 23वं स्तोत्र मी इतकी वर्षं म्हणत आले, पण आकडी ही चाऱ्यासाठीही असते हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मला ती फक्त माराची वाटायची.

तुझ्या बाबांसाठी मी रोज प्रार्थना करते, तुला माहीत आहे. त्यांच्यासाठी मात्र मी मेंढपाळालाच हाक मारते. नव्व्याण्णव मेंढरं मागे ठेवून हरवलेल्या एकाला शोधायला निघतो, त्याला.

ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बसनं पाठवली आहे. पोचली की कळव.

तुझी,
आई