जुन्या डेस्कटॉपची रॅम: आभार

इंटेलच्या जुन्या जी४१ चिपसेटच्या (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिपच्या) मदरबोर्डवर ४ जीबीची नवी रॅम बसवली की नुसती बीप वाजते आणि स्क्रीन काळीच राहते. यामागचं कारण समजावून सांगणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

पहिले आभार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातल्या काकांचे. त्यांनी रॅमची पट्टी हातात घेतली आणि तिच्यावरच्या काळ्या चिप्स मोजल्या. हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप्स ओळखतो (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). म्हणजे ४ जीबीच्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून १६ चिप्स हव्यात. आठच असतील तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची असते आणि ती या बोर्डला वाचता येत नाही. पट्टी धडधाकट, बोर्डही धडधाकट, फक्त जोडी जमत नाही! खोक्यावर मात्र यातलं काहीच छापलेलं नसतं. काकांनी नवा बोर्ड गळ्यात मारायचा सोडून १६ चिप्सच्या दोन वापरलेल्या पट्ट्या शोधून दिल्या.

काउंटरवर शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाने, न विचारता, ३२ बिटचं विंडोज ४ जीबीच्या पुढे जात नाही याची आठवण करून दिली. त्या दादांचेही आभार. आमच्या सोसायटीतल्या ताईंनी पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने पुसून दिले, मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवायला सांगितलं. एकही चूक निघाली नाही, पूर्ण ८ जीबी दिसते.

आठ चिप्सची ती पट्टी नंतरच्या एच६१ चिपसेटच्या बोर्डवर चालेल. काकांच्या काउंटरवर ठेवली आहे, गरजूने फुकट न्यावी.