लिस्बनच्या मावशींना अनावृत पत्र

आदरणीय मावशी,
सप्रेम नमस्कार.

लिस्बनहून कोल्हापूरला परतून आज तीन आठवडे झाले. पोहोचल्याचा फोन केला होताच, पण तुम्ही आमच्यासाठी जे केलेत त्याची बोळवण दोन मिनिटांच्या फोनवर करणे आम्हा पाचही मित्रांना बरे वाटेना. म्हणून सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. ते अनावृत ठेवले आहे, कारण साठीच्या आसपास पोहोचलेली आमच्यासारखी आणखीही मंडळी तिकडे जाण्याच्या तयारीत असतील.

आमच्यातल्या पणजीकर मित्राची तुम्ही सख्खी मावशी, एवढ्याच ओळखीवर आम्ही पहिल्या दिवशी दुपारी तुमच्या दारात उभे राहिलो आणि चार दिवसांत तेवीस ठिकाणे बसवलेला छापील कार्यक्रम तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचलात, पेन्सिलीने निम्म्याहून अधिक नावांवर काट मारलीत आणि ‘सवकास’ एवढेच म्हणालात. कार्यक्रम आखणारा आमचा मित्र दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत घुश्शात होता, हे आता सांगायला हरकत नाही.

ती काट किती योग्य होती, हे दुसऱ्याच सकाळी कळले. तिथले पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या-काळ्या लहान चिऱ्यांचे, आणि माणसांच्या वर्षानुवर्षांच्या वावराने साबणासारखे गुळगुळीत झालेले. आल्फामा या जुन्या वस्तीच्या उतारावर चामडी तळव्यांचे नवे बूट घातलेला आमचा एक मित्र घसरला आणि त्याचा घोटा सुजला. आम्ही चौघे त्याला धरून रस्त्यात गोंधळलेले उभे असताना तुम्ही पंचाहत्तरीत तो चढ चढून क्रेप बँडेज आणि तुमच्या दिवंगत यजमानांची काठी घेऊन आलात, त्याला टॅक्सीने दवाखान्यात नेलेत आणि डॉक्टरांचे पोर्तुगीज व आमचे मराठी यांच्यामध्ये तुमची कोकणी घेऊन तीन तास बसून राहिलात. हाड मोडलेले नव्हते. तिकडे जाणाऱ्यांनी रबरी तळव्यांचेच बूट न्यावेत, ही तुमची सूचना त्याच्या वतीने येथे नोंदवतो.

त्यानंतर चालणे कमी आणि बसणे जास्त, असा तुम्हीच आखलेला क्रम सुरू झाला. उंचावरच्या एका सज्जावर बसवून तुम्ही आम्हाला शहर दाखवलेत. डोंगरउतारावरच्या आल्फामाच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या आणि खाली बायशा भागातले सरळ रेषेतले रस्ते, यांतला फरक १ नोव्हेंबर १७५५ या एका दिवसाने पडला, हे आम्हाला ठाऊक नव्हते. सर्व संतांच्या सणाची ती सकाळ, चर्चमध्ये मेणबत्त्या पेटलेल्या, त्यात भूकंप, मग समुद्राची लाट आणि वर आग. पुढे राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल याच्या देखरेखीखाली खालचा भाग नव्याने आखला गेला, तेव्हा भिंतींच्या आत धक्का सोसणारा लाकडी सांगाडा घालण्यात आला. समोरच्या कार्मो मठाच्या छत नसलेल्या कमानींकडे तुम्ही काठी रोखलीत, तेव्हा त्या तारखेचा अर्थ आम्हाला उमगला.

बेलें भागातल्या जेरोनिमुश मठात आम्ही वास्को द गामाच्या थडग्यापाशी उभे होतो. १५२४ मध्ये तो कोचीत वारला आणि त्याचे अवशेष १८८० मध्ये या चर्चमध्ये आणले गेले, हे सांगून तुम्ही पुढे काहीच बोलला नाहीत. १९६१ नंतर मडगाव सोडून आलेल्या कुटुंबातल्या तुम्हाला त्या जागी काय वाटत असेल, हे विचारण्याचा धीर आम्हालाही झाला नाही.

आता जेवणाविषयी, कारण खरे ऋण तिथलेच आहे. पहिल्या रात्री आम्ही स्वतःच्या अकलेने जेवायला गेलो होतो. न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर आले, आणि आपल्या खानावळीत कांदा-लिंबू येते तसेच हे असणार, असे समजून आम्ही सगळे फस्त केले. बिलात त्याचे पैसे पाहून आम्ही हुज्जतही घातली. त्याला कुव्हेर म्हणतात, नको असेल तर हात न लावता लगेच परत पाठवावे, म्हणजे पैसे पडत नाहीत, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी समजावलेत. तेव्हा आमची आम्हालाच लाज वाटली.

तुम्ही नेलेल्या त्या सहा टेबलांच्या ताश्कामध्ये, म्हणजे साध्या खानावळीत, मात्र मेन्यूकार्डावर ‘बताता’ आणि ‘कोव्ह’ हे शब्द वाचून आम्ही शाळकरी मुलांसारखे हरखलो. आपले ‘बटाटा’ आणि ‘कोबी’ हे शब्द इथूनच आलेले! दोघे शाकाहारी म्हणून तुम्ही थेट स्वयंपाकघरात शिरलात, केसांसारख्या बारीक चिरलेल्या हिरव्या पानांच्या सुपात सॉसेजची चकती आणि मांसाचे पाणी दोन्ही नको, असे बजावून आलात. नाता या तिथल्या गोड पेस्ट्रीच्या दुकानात तर अंडे न खाणाऱ्या मित्राला तुम्ही स्पष्ट सांगितलेत की आतला तो पिवळा ऐवज म्हणजे अंड्याचा बलक. आम्ही चौघांनी दालचिनी भुरभुरून त्याच्या वाटणीचेही खाल्ले. पण ‘कळले नसते तर चालले असते’ असे न मानता तुम्ही खरे सांगितलेत, याबद्दल त्याने वेगळे आभार मानायला सांगितले आहेत.

शेवटच्या रात्रीच्या फादूबद्दल, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्याच्या मैफलीबद्दलही, माफी मागायची आहे. दिवे मंद झालेले, सगळे स्तब्ध, बारा तारांची गितार सुरू, आणि आमच्या एकाने बैठकीच्या सवयीने ‘क्या बात है’ म्हणून भर गाण्यात दाद दिली. सारी खोली वळून पाहू लागली. तुम्ही फक्त त्याच्या मनगटावर हात ठेवलात. बाहेर आल्यावर म्हणालात की इथेही दाद देतात, गाणे संपता संपता, ‘आ, फादिश्ता!’ अशी. आता तो कोल्हापुरात कुठल्याही गाण्याला तेच म्हणतो.

यजमानांची काठी चुकून आमच्या सामानासोबत येथे आली आहे. पणजीकर मित्राची मुलगी पुढच्या महिन्यात तिकडे येणार आहे. तिच्यासोबत ती काठी, तुम्ही मागितलेली आमसुले आणि घरचा कांदा-लसूण मसाला पाठवीत आहोत. मसाला तिखट आहे, बेताने घालावा.

तुमचा नम्र,
कोल्हापूरच्या पाच जणांपैकी एक