मूळव्याधीचे ऑपरेशन: गावी परतायची घाई नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बोटाने ढकलूनही मोड आत जात नाहीत, ती मूळव्याधीची चौथी अवस्था. तिचे ऑपरेशन मुंबईत उरकून पाचव्या-सहाव्या दिवशी रात्रीच्या गाडीने कोकणात परतणारे पुष्कळ आहेत. ही घाई जिवावर बेतू शकते.

या ऑपरेशननंतर रक्तस्रावाची भीती दोनदा असते. पहिल्या 24 तासांत टाका सुटला तर, तेव्हा रुग्ण बहुधा रुग्णालयातच असतो. पुन्हा साधारण 7 ते 14 दिवसांत, जखमेत जंतू शिरून किंवा खपली सुटून. तेव्हा तो वाडीवर असतो, पाखाडी उतरून रस्त्याला लागायलाच वेळ जातो. शिवाय रक्त आतड्यात साचत राहते, बाहेर दिसत नाही. अंगाला दरदरून घाम, चक्कर, परसाकडची घाई आणि मग एकदम काळपट गुठळ्या. कपड्याला थेंबभर डाग लागणे वेगळे, गुठळ्या वेगळ्या. गुठळ्या दिसताच रुग्णाला आडवे झोपवून थेट सर्जन असलेल्या रुग्णालयात न्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या, कधी सुरू करायच्या, हे लिहून घ्यावे. पंधरा दिवस सर्जनच्या जवळपास मुक्काम ठेवणे उत्तम.

दुसरा गोंधळ पद्धतीचा. स्टेपलरने, म्हणजे मोड न कापता यंत्राने आतला भाग वर ओढून टाचण्याच्या पद्धतीने, दुखते कमी, कामावरही लवकर जाता येते. पण 2016 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 777 रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत, दोन वर्षांपर्यंतचा हिशेब धरता, मोड कापून काढण्याची जुनी पद्धतच सरस ठरली, स्टेपलरनंतर त्रास अधिक जणांत उलटला. मोठे, बाहेर लोंबणारे मोड असतील तर आमचाही कौल जुन्या पद्धतीलाच. जखम भरायला चार ते सहा आठवडे लागतात, हे मात्र आधीच सांगितले पाहिजे.

दुखेल म्हणून नुसत्या पेजेवर राहणे चूक. चोथा नसला की खडा होतो आणि जखम फाटते. नाचणीची भाकरी, कुळीथ, पालेभाजी, रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून घ्यावे. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात 10-15 मिनिटे बसावे.

तीन मोड कापताना मधल्या निरोगी कातडीच्या पट्ट्या राखाव्या लागतात. त्या गेल्या तर गुदद्वार आकसते. महिन्या-दीड महिन्यानंतर शौचाची धार करंगळीएवढी बारीक झाली तर लगेच दाखवावे. तेव्हा ते बहुधा डायलेटरने (गुदद्वार हळूहळू ताणणाऱ्या गुळगुळीत कांडीने) रुंदावता येते, उशीर झाल्यास पुन्हा ऑपरेशन करावे लागते.

– एक शल्यचिकित्सक, रत्नागिरी