शवासनात डोळे उघडे ठेवणाऱ्यांसाठी

बॉस्टन

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या योगाच्या क्लासमधल्या त्या काकू शवासनात डोळे का मिटत नाहीत, असं तू फोनवर विचारलंस. शेजारी आई होती म्हणून तेव्हा बोलले नाही. ताई, मीही मिटत नव्हते.

कसारा घाटातल्या अपघातानंतर तू मला नाशिकला गंगापूर रोडच्या हॉलवर न्यायचीस, आठवतं? दिवे मालवून तू "अंग सैल सोडा" म्हणालीस की मला तो ब्रेकचा आवाज यायचा. तू मायेने खांदे दाबायचीस आणि मी आणखी आखडायचे. तुझा राग कधीच आला नाही. लाज माझीच मला वाटायची, साधं आडवं पडणंही जमत नाही म्हणून.

इथे आल्यावर वाचायला लागले. आधी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांचं 'ट्रॉमा अँड रिकव्हरी', १९९२ चं. ट्रॉमा म्हणजे मनावर खोल राहिलेला आघात. त्या सांगतात, सावरताना आधी सुरक्षित वाटायला हवं. आठवणी काढणं, शोक करणं त्यानंतर, आणि मग पुन्हा माणसांत मिसळणं. मला तर पहिल्याच आठवड्यात जो तो "बोल, मन मोकळं कर" म्हणत होता! ते पान वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं 'द बॉडी कीप्स द स्कोअर' (२०१४) वाच, पण रात्री नको, त्यातले प्रसंग अंगावर येतात. योगावर त्यात एक आख्खं प्रकरण आहे. त्यांनी ६४ स्त्रियांवर अभ्यास केला होता, उपचार घेऊनही आघातानंतरचा मानसिक आजार (पीटीएसडी) वर्षानुवर्षं न हटलेल्या. दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग. शेवटी योग करणाऱ्यांपैकी ५२ टक्के त्या आजाराच्या निकषांतून बाहेर आल्या; योग न करणाऱ्या दुसऱ्या गटात २१ टक्के. हे इतर उपचारांच्या जोडीने झालं, हे मात्र क्लासमध्ये आवर्जून सांग. कुणाची औषधं बंद व्हायला नकोत.

तुझ्या कामाचं खरं पुस्तक तिसरं: डेव्हिड इमर्सन आणि एलिझाबेथ हॉपर यांचं 'ओव्हरकमिंग ट्रॉमा थ्रू योगा' (२०११). इथून जवळच, ब्रुकलाइनच्या ट्रॉमा सेंटरमध्ये, हे काम उभं राहिलं. त्यात हुकूम नाहीत. "वाटलं तर हात वर घ्या, नाहीतर राहू द्या," असं म्हणायचं. आसन सुधारायला अंगाला हात लावायचा नाही. आपण शिकवणाऱ्याचा हात म्हणजे आशीर्वाद मानत आलो, त्यामुळे तुला हे परकं वाटेल. पण ज्याच्या शरीरावर एकदा आघात झालाय, त्याला "नको" म्हणता येणं हाच मोठा आधार असतो. मला तो इथे मिळाला.

त्या काकूंना भिंतीशी, दार दिसेल अशी जागा दे. कुशीवर झोपू दे, एक दिवा चालू ठेव. काय झालं होतं ते विचारू नकोस.

तिन्ही पुस्तकं मामाबरोबर पाठवतेय. वाचून झाली की सावानात, आपल्या सार्वजनिक वाचनालयात, दे, कुणाला तरी लागतील. आईला यातलं काही बोलू नकोस. मे महिन्यात आले की संध्याकाळी तिला गंगेवर, आपल्या गोदाकाठी, घेऊन जाईन, तेव्हा मीच सांगेन.

तुझी,
धाकटी