पेटीवाल्या मित्राला: एसएच-१०१ कसा लावायचा

प्रिय मंदार,

एसएच-१०१ घेतलास, फार बरं केलंस. १९८२ चं हे रोलँडचं सिंथेसायझर म्हणजे एक ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारा), एक फिल्टर (उपस्वर गाळणारा), एक एन्व्हलप (प्रत्येक स्वराचा चढ-उतार ठरवणारा). शिकायला याहून सरळ पॅनल नाही. अडॅप्टर मात्र तपासून लाव. ९ व्होल्टचा हवा आणि पिनेची आतली बाजू ऋण हवी. बाजारात उलटेच जास्त मिळतात. त्यापेक्षा सी आकाराचे सहा सेल घाल.

चालू करून दहा-पंधरा मिनिटं तापू दे, मग ट्यून नॉबने तंबोऱ्याशी मिळव. आता सप्तक निवडणारी रेंज ८ फुटी, मिक्सरमध्ये फक्त सॉ (करवतीच्या दातांसारखी लहर) वर, बाकी तिन्ही स्लायडर खाली. फिल्टरचा फ्रीक्वेन्सी स्लायडर पूर्ण वर, त्याचे उरलेले चार शून्यावर. ऑसिलेटरचा मॉड (स्वराचं हेलकावणं) शून्यावर, व्हीसीएचा (आवाजाची पातळी सांभाळणारा भाग) स्विच गेटवर, म्हणजे पट्टी दाबलेली असेपर्यंतच आवाज. हा झाला कोरा आवाज. इथून एका वेळी एकच स्लायडर हलव आणि ऐक.

फ्रीक्वेन्सी हळूहळू खाली आण; वरचे उपस्वर एकेक करून गळतात, आवाज खर्जात बुडतो. आता ती ३ वर, फिल्टरचा एन्व्ह (फिल्टरवर एन्व्हलपचा परिणाम किती) ५ वर, आणि एन्व्हलपचे चार स्लायडर असे: अटॅक (चढ) ०, डिके (उतार) ४, सस्टेन (टिकाव) ०, रिलीज (पट्टी सोडल्यावरचं विरणं) २. प्रत्येक स्वर ‘टँव’ असा उघडून मिटेल. फिल्टरचा रेझोनन्स (कापण्याच्या जागेवरचा ठसका) पूर्ण वर नेण्याआधी व्हॉल्यूम कमी कर, कारण तिथे फिल्टर स्वतःच शिटी वाजवू लागतो आणि ती कानाला बोचते.

खरी मेहनत बोटांची आहे. पेटीवर सा धरून वर ग दाबलास की दोन्ही वाजतात. इथे एका वेळी एकच स्वर. एन्व्हलपच्या ट्रिगरचा (तो केव्हा सुरू व्हावा हे ठरवणारा) स्विच गेटवर असेल तर सर्वांत खालची पट्टी जिंकते, म्हणजे सा धरलेला असेपर्यंत ग वाजणारच नाही. नवशिक्याला वाटतं पट्टी बिघडली. गेट+ट्रिगवर शेवटची दाबलेली पट्टी जिंकते आणि एन्व्हलप दर वेळी नव्याने सुरू होतो. ताना त्यावर स्वच्छ येतात.

मींडेसाठी मात्र ट्रिगर गेटवरच हवा. पोर्टामेंटो (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं) ऑटोवर, टाइम ३ च्या आसपास. सा धर, ग दाबून ठेव, मग सा सोड: स्वर सा वरून ग कडे सरकतो, मध्ये नवा आघात न होता. उतरताना उलट, खालची पट्टी दाबताक्षणी सरकतो. म्हणजे चढताना बोट उचलण्याची वेळ साधायची आणि उतरताना दाबण्याची. हे पेटीने कधीच मागितलेलं नाही, म्हणून रोज फक्त सा-ग-सा दहा मिनिटं घोट. पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही, हेही हाताला समजू दे.

आवाज पातळ वाटला तर सॉ खाली, पल्स (चौकोनी लहर) वर, पल्स विड्थचा (त्या लहरीची रुंदी) स्विच एलएफओवर (हेलकावे देणारा संथ ऑसिलेटर) आणि त्याचा वेग अगदी संथ. एकच ऑसिलेटर दोन असल्यासारखा भरतो. शिवाय मिक्सरमधला सब (उप-ऑसिलेटर) थोडा वर, एक सप्तक खालचा.

आवाज गेलाच तर मिक्सरमध्ये काही वर आहे का ते आधी बघ. मग फिल्टर बंद तर नाही ना, आणि ट्रिगर चुकून एलएफओवर गेलाय का. स्लायडर खरखरला तर धूळ आहे. काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा वर-खाली कर, तेलकट स्प्रे नको.

यात आवाज साठवायची सोय नाही. चांगला लागला की लगेच पॅनलचा फोटो काढ आणि मला पाठव.

तुझा,
सुधीर