शेवटच्या नगापर्यंत

निफाड तालुका, जि. नाशिक
रविवार

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तुझा भाचा आमच्या बाजार समितीत लागला याचा आनंद मला तुझ्याइतकाच झालाय. गेल्या सोमवारपासून तो माझ्याच सोबत लिलावात फिरतो. पण तू लिहिलंस ना, "दिवसभर कांद्याचे आकडे ओरडायचे, त्यात शिकण्यासारखं काय असणार?", ते मनात राहून गेलं. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सध्या उन्हाळ कांदा सुरू झालाय. चांदवड, देवळा, येवल्याकडची माणसं पहाटेच गाड्या लावून बसतात. आवक आम्ही नगांवर मोजतो; ट्रॅक्टर असो की पिकअप, एक गाडी म्हणजे एक नग. गाड्या रांगेत उभ्या असतात आणि लिलाव त्यांच्याकडे चालत जातो. पुढे पुकारणारा, बाजूला सौदापट्टी म्हणजे ठरलेल्या भावाची पावती लिहिणारा, भोवती पंधरा-वीस व्यापारी. कुणी ट्रॉलीवर चढून खालपर्यंत हात घालतो, कुणी एखादा कांदा उचलून मान दाबून बघतो. पत्ती म्हणजे वरची साल सुटलीय का, रंग कसा आहे, जोडकांदे किती, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती मिसळलाय, हे सगळं त्यांच्या नजरेला दोन मिनिटांच्या आत दिसतं. शेतकरी ट्रॉलीच्या फाळक्याला हात लावून उभा असतो. रोप टाकल्यापासून पाच-साडेपाच महिने त्यानं घातलेले असतात, आणि भाव ठरतो अर्ध्या मिनिटात.

ते अर्धं मिनिट आपल्या हातात असतं, भाऊ. भाव पुकारणारा ठरवत नाही, तो व्यापारीच ठरवतात. पण बोली कुठून सुरू करायची, हे आपल्याकडे असतं. फार खालून काढली तर पाच-दहा रुपयांनी रेंगाळत राहते आणि मध्येच दम सोडते. फार वरून काढली तर सगळे गप्प होतात, आणि एकदा गप्प झाले की तो माल खालीच जातो. शेजारच्या रांगेत काय गेलं, मागच्या नगाला काय मिळालं, आज कोणत्या शेठला माल भरायचाच आहे, हे डोक्यात ठेवून पहिला आकडा काढावा लागतो. शिकायचं ते इथं आहे. तुझ्या भाच्याचा आवाज खणखणीत आहे, पण तो अजून आकड्याच्या मागे धावतो, माणसांकडे बघत नाही.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. मी नवीन असताना, डिसेंबरातली. लाल कांद्याची आवक तुफान, दुपार टळलेली, घसा बसलेला, शेवटची रांग. एका पिकअपपाशी एक बाई एकटीच उभी होती, हातात दोरी गुंडाळत. पंधरा क्विंटलच्या आसपास माल. बोली 1250 ला आली आणि मी भाव पक्का करून पुढच्या गाडीकडे वळलो. मागून एक व्यापारी कानाचा फोन खाली घेत म्हणाला, "अहो, मी 1330 म्हणत होतो." तोवर पट्टी लिहून झाली होती. भाव पटला नाही तर शेतकरी सौदा नाकारू शकतो. त्या बाईंना ते ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. क्विंटलला ऐंशी रुपये, म्हणजे बाराशे रुपये. बहुतेक त्यांचं गाडीभाडं तेवढंच असेल. त्यांनी पट्टी घडी करून कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "दादा, जरा मागं बघायचं होतंत."

तेव्हापासून भाव पक्का करण्याआधी मी एकदा पूर्ण मागे वळून बघतो. पहिल्या नगाला आणि शेवटच्यालाही. भाच्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. तो विसरतो, मी त्याच्या खांद्याला हात लावतो, मग तो वळतो.

पूर्वीची हत्ता पद्धत तू ऐकली असशील. कापडाखाली बोटं धरून दलाल आपसात भाव ठरवायचे आणि ज्याचा माल त्यालाच आकडा कळायचा नाही. पुढे कायद्यानं बाजार समितीत उघड लिलाव आला, तो शेतकऱ्यानं आपला भाव स्वतःच्या कानानं ऐकावा म्हणून. त्यामुळे आकडा गिळला की मला राग येतो. भाचा 'चौदाशे साठ'मधला 'साठ' खातो. त्याला मी परवा ट्रॉलीच्या पलीकडे उभं केलं आणि स्वतः पुकारलं, तिथून काय ऐकू येतं ते कळावं म्हणून.

सौदा झाला म्हणजे संपलं असंही नाही. वजन होऊन माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली होताना आत ओला किंवा काजळीचा, म्हणजे काळ्या बुरशीचा, निघाला तर वांधा पडतो. मग व्यापारी भाव कमी करायला बघतो, शेतकरी रडकुंडीला येतो, आणि समितीचा माणूस मध्ये उभा राहतो. तिथं व्यापाऱ्याला माझं एकच म्हणणं असतं, ट्रॉलीवर चढून बघितलं होतंत ना?

आणि काही दिवस असे येतात की आपला आवाज कशालाच पुरत नाही. 8 डिसेंबर 2023 आठवतोय? आदल्या दिवशी केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, आणि सकाळी लासलगाव, चांदवड, येवला, सगळीकडचे लिलाव शेतकऱ्यांनी बंद पाडले. चांदवडला मुंबई-आग्रा रस्ता अडवला गेला. भरल्या गाड्या उभ्या आणि पुकारायला कुणी नाही. त्याच वर्षी ऑगस्टात 40 टक्के निर्यातशुल्क लागलं तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलावात यायचं थांबवलं होतं, तेही असंच. दिल्लीत एक कागद निघतो आणि इथल्या माणसाचा हंगाम जातो. त्या दिवशी एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, "उद्या तरी पुकारशील का रे?" मला उत्तर देता आलं नाही. भाऊ, ते आजही टोचतं.

असो. भाच्याची काळजी करू नकोस. सकाळी गूळ-पाणी घेऊन निघतो, डबा मी त्याला माझ्यासोबत खायला लावतो. ताईंना सांग, घशासाठी ज्येष्ठमध पाठवा, इथलं मिळतं ते जुनाट असतं.

तू मे महिन्यात येणार आहेसच. रविवार सोडून ये आणि नऊच्या आत ये. भाचा पुकारेल, तू शेतकऱ्यांच्या बाजूला उभा राहा आणि 'साठ' ऐकू येतं का, ते मला सांग.

तुझा,
शाळेतला बाकावरचा सोबती