पुढचा भाग चेपतो, म्हणूनच माणूस वाचतो

संपादक महोदय,

इंदूरच्या कुठल्याही रस्त्यावर बंपरपुढे जाड लोखंडी गार्ड बसवलेल्या गाड्या दिसतात. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध ठरवले आहेत, तरी ते विकले जातात आणि "नवीन गाड्यांचा पत्रा पापडासारखा" असे म्हणत लोक ते हौसेने लावतात. या समजुतीबद्दल यंत्र अभियांत्रिकीचा निवृत्त अध्यापक म्हणून लिहिणे मला आवश्यक वाटते.

बंपरमागून इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पोलादी चौकोनी नळ्या धडकेत घडी पडत चेपाव्यात आणि प्रवाशांची केबिन मात्र ताठ राहावी, अशीच गाडीची रचना असते. मर्सिडीजने 1959 मध्ये हे तत्त्व विक्रीच्या गाडीत आणले. ताशी 64 किलोमीटर वेगाने, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या 'भारत एनसीएपी' या सरकारी योजनेच्या समोरच्या धडकेच्या चाचणीतल्या वेगाने, जाणारी गाडी पुढचा भाग 60 सेंटिमीटर चेपून थांबली, तर केबिनवर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 27 पट मंदन (वेग घटण्याचा दर) येते. तीच 10 सेंटिमीटरमध्ये थांबली तर 160 पट. गार्ड नेमके हे अंतर हिरावू शकतो. शिवाय धक्का वेगळ्या वाटेने पोचल्याने एअरबॅगच्या संवेदकाचा अंदाज चुकण्याची भीती असते, ती वेगळीच.

गार्डइतकीच चिंता मला दुरुस्तीची वाटते. माझ्या पुतण्याच्या गाडीला बायपासवर समोरून धडक बसली, तेव्हा एका गॅरेजमध्ये वाकलेली नळी गॅसच्या ज्योतीने लाल करून ठोकून सरळ केली आणि वर रंग मारून दिला. गाडी नव्यासारखी दिसते. पण उच्च ताकदीचे पोलाद असे तापवले की त्याची ताकद घटते आणि पुढच्या धडकेत ती नळी आखल्याप्रमाणे घडी न पडता भलतीकडेच मुडपू शकते, हे त्या डेंटरला कोणी सांगितलेलेच नाही, आणि दोष त्याच्या एकट्याचा नाही.

शेजारी पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटरचा वेगवान मार्ग आहे. तरीही अपघातग्रस्त गाडीची नळी बदलली की ठोकली, हे बिलावर लिहिण्याची सक्ती नाही. परिवहन विभागाने आणि विमा कंपन्यांनी निदान एवढी नोंद अनिवार्य करावी, तसेच डेंटर कारागिरांसाठी आयटीआयमध्ये या विषयाचे छोटे प्रशिक्षण सुरू करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, इंदूर